अकरा डबे शाडू

साकीनाक्याच्या एका शेडमध्ये काशीराम पालवला पाणी गढूळ करण्याचा पगार मिळत असे. त्याच्या बायकोला, सुगंधाला, हे चार वर्षांत एकदाही शेजारणीपुढे बोलता आलं नाही. असल्फ्याच्या टेकडीवरच्या त्यांच्या चाळीत नळ पहाटे साडेचारला यायचा आणि सहाच्या आत दोनदा खोकून बंद पडायचा. तेवढ्यात चौदा बिऱ्हाडांनी आपापले हंडे भरायचे, आणि भरून झाले की भांडायचं. अशा टेकडीवरून रोज सकाळी एक माणूस जेवणाचा डबा घेऊन उतरतो, हौदभर स्वच्छ पाण्यापुढे उभा राहतो आणि त्यात माती कालवतो, हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने? "कंपनीत आसत," एवढंच ती सांगायची.

काशीरामला त्या कामाचा अभिमान नव्हता, पण लाजही नव्हती. लाज वाटायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तो ब्याऐंशीच्या संपात गेला होता. देवगडजवळच्या गावातून सतराव्या वर्षी तो परळला आला, गिरणीच्या रंगखात्यात लागला आणि बत्तीस वर्षं उकळत्या रंगाच्या वाफेत उभा राहिला. तांबडा किती तांबडा, निळा कोणता निळा, हे तो हौदात नुसता डोकावून सांगे. रंगमास्तर तराजू आणि कागद घेऊन येईपर्यंत हा म्हणे, "अजून अर्धा तांब्या." सगळी गणितं झाल्यावर तो अर्धा तांब्याच खरा ठरे. मास्तर त्याची पाठ थोपटून म्हणायचा, "मोजणं हे ज्याला दिसत नाही त्याचं काम." काशीरामला हे वाक्य इतकं आवडलं की पुढे तो ते स्वतःचंच म्हणून वापरू लागला.

मग संप झाला. संप काही मिटला नाही, गिरणी मात्र मिटली. दीड वर्ष त्याने एका सोसायटीच्या फाटकाशी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना सलाम करण्यात काढलं. त्या कामाला डोळा लागत नव्हता, नुसते डोळे उघडे असले की झालं.

त्या स्टुलावरून त्याला उठवलं युस्टेसने. युस्टेस हा मरोळ गावठाणातला फिटर. पूर्वी त्याच गिरणीत होता, पण संपाचा वास त्याला आधीच लागला आणि तो वेळेत बाहेर पडला. एक दिवस तो फाटकाशी येऊन उभा राहिला.

"काय रे काशी, सलाम मारतोस? ऊठ. साकीनाक्याला एक साहेब आहे. थोडा येडा आहे, पण माणूस चांगला. त्याला डोळा पाहिजे."

"कसला डोळा?"

"तुझ्यासारखा. चल तर."

ते शेड पूर्वी मुलामा देण्याचा कारखाना होतं. मागे मोठी विहीर होती, तेवढ्यासाठीच चंद्रप्रकाश साहेबांनी ते घेतलं होतं. साहेब तेव्हा तिशीतले, परदेशात लेसरचा अभ्यास करून आलेले, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. त्यांनी जमिनीत चाळीस फूट लांब, पुरुषभर खोल हौद बांधून घेतला होता. हौदाच्या एका टोकाला भिंतीत जाड काच होती, काचेमागे एक लहानशी अंधारी खोली, आणि खोलीत यंत्र. यंत्रातून हिरवा, सुईसारखा बारीक प्रकाश काचेतून पाण्यात जायचा. पाण्यात युस्टेसने कधी टायर, कधी लोखंडी नळकांडं, कधी मातीचा माठ तारेला टांगलेला असायचा. प्रकाश त्यावर आपटून परत आला की पडद्यावर एक उंचवटा दिसे. पाण्यातली वस्तू सापडली, असा त्याचा अर्थ.

"मग अडचण काय?" काशीरामने पहिल्याच दिवशी विचारलं.

"स्वच्छ पाण्यात अडचण नाहीच," साहेब म्हणाले. "पण आपल्या बंदरातलं पाणी तुम्ही बघितलंय ना? त्यातली मातीच प्रकाश उलटा फेकते. सगळीकडे नुसता उजेड, वस्तू दिसतच नाही."

"घाटात धुकं असलं की एस्टीचा ड्रायव्हर मोठा दिवा लावत नाही, तसं."

साहेबांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. इतक्या सोप्या शब्दांत हे त्यांना स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं. मग त्यांनी खूश होऊन पुढचं सांगितलं. मातीचा उजेड आधी परत येतो, वस्तूचा मागाहून. तेव्हा प्रकाश सोडायचा आणि यंत्राचा डोळा मिटून ठेवायचा. मातीचा उजेड येऊन जाऊ द्यायचा. मग नेमक्या क्षणी डोळा उघडायचा. एका सेकंदाचे कोट्यवधी तुकडे केले तर त्यातले थोडेसेच तुकडे डोळा मिटलेला असणार.

"म्हणजे सोयीपुरता मिटायचा," काशीराम म्हणाला, आणि दोघेही हसले.

हे सगळं कशासाठी, हेही त्याने विचारलं. बंदराच्या तोंडाशी जुनी बुडालेली गलबतं असतात, तुटलेले नांगर असतात, वरून काही कळत नाही आणि बोट जाऊन आपटते, असं साहेबांनी सांगितलं. काशीराम म्हणाला, "माझा भाऊ बाळा तसाच गेला, साहेब. श्रावण संपत आला होता, खाडीचं पाणी चहासारखं. बुडालेल्या फत्तेमारीची डोलकाठी होती पाण्याखाली वीतभर. होडीचा तळ फाटला. बाकीचे पोहून आले, बाळा नाही आला." एवढं बोलून तो हौदाकडे वळला. त्या दिवसापासून हे काम त्याला नोकरीपेक्षा थोडं जास्त वाटू लागलं, पण तसं त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही.

त्याचं काम हे: यंत्राची परीक्षा घ्यायची तर पाणी बंदरासारखंच गढूळ हवं, आणि दर वेळी तितकंच गढूळ हवं. गढूळपणा मोजायचं परदेशी यंत्र साहेबांनी मागवलं होतं. ते आलं, आणि पहिल्याच आठवड्यात विजेच्या एका झटक्याने जळलं. दुरुस्तीला समुद्रापार गेलं ते गेलंच. लेसरनेच पाणी मोजायचं म्हटलं तर चोरालाच पंच नेमल्यासारखं झालं असतं. म्हणून काशीराम. दर सोमवारी हौद उपसून विहिरीच्या पाण्याने भरायचा. शेजारच्या झोपड्यांतल्या बायका ती वेळ बरोबर साधत. "आधी तुमचे हंडे भरून घ्या, मग मी घाण करतो," असं तो त्यांना सांगे. साहेब दहाला येत, तोवर बायका गेलेल्या असत. मग गणपतीच्या मूर्तींची पांढुरकी शाडू माती बादलीत कालवायची, डालड्याच्या डब्याने हौदात ओतायची आणि लांब वल्ह्याने ढवळायचं. वीतवीत अंतरावर गाठी मारलेल्या दोरीला एक पांढरी चिनीमातीची थाळी बांधलेली होती. ती पाण्यात सोडायची. चौथ्या गाठीला थाळी दिसेनाशी झाली की पाणी बंदराचं झालं.

पहिला महिनाभर साहेबांनी त्याला डबे मोजायला लावले. अकरा, अकरा, साडेअकरा, अकरा. "काशीराम, तुमचा डोळा म्हणजे मीटर आहे," साहेब म्हणाले, आणि मोजणं थांबलं. काशीरामलाही ते बरं वाटलं. मोजणं हे ज्याला दिसत नाही त्याचं काम.

अशी चार वर्षं गेली. यंत्र पहिल्यापासून आठ फुटांवर अडलं होतं. आठ फुटांवरचा टायर त्याला दिसे, नवव्या फुटावर नुसता हिरवा गोंधळ. साहेबांनी काय काय केलं, किती भाग बदलले, किती वेळा कपाळाला हात लावला, त्याला गणती नाही. कंपनीत काशीराम अजून हंगामीच होता. यंत्र पसंत पडलं की कायम करू, असं साहेब दर दिवाळीला सांगत, आणि दर दिवाळीला दोघांनाही ते खरं वाटे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पुन्हा एकदा स्टुलावर बसायला लागू नये, एवढीच काशीरामची आता इच्छा राहिली होती. मोठ्या इच्छा गिरणीबरोबर गेल्या.

आणि सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात यंत्र अचानक सुधारलं. आधी नऊ फूट. मग दहा. गणपतीपर्यंत बारा, आणि दसऱ्याला तर साहेब अंधाऱ्या खोलीतून ओरडतच बाहेर आले, "तेरा!" त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. नौदलाच्या अधिकाऱ्यांना पत्र गेलं, आणि प्रयोग बघायला ते मंगळवारी येणार असं ठरलं.

"काशीराम, मंगळवारनंतर तुमची चिठ्ठी टाइप करतो," साहेब म्हणाले. "कायम."

काशीरामने पेढा तोंडात टाकला. तो गोड होता, पण त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. थकलेल्या माणसाला चांगली बातमीसुद्धा जिना चढून आल्यासारखी उशिरा पोचते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो घरी तोंड धुवायला बसला. तांब्यात बघून त्याने हाक मारली, "सुगंधा, पाण्यात तुरटी फिरव गो. आज फारच गढूळ आसा."

सुगंधा आली, तांब्यात डोकावली. "कसला गढूळ? निवळ आसा पाणी."

"हा बघ ना, पांढरा पांढरा."

"अवो, तळाचो ठिपको दिसता माका. तुमी असां काय करतास?"

काशीरामने तांब्या दारापाशी उजेडात नेला. त्याला तळ दिसला नाही. बाहेर समोरच्या टेकडीवरची घरं होती, त्यांच्यावरही पांढुरकं काहीतरी पसरलेलं होतं. कित्येक महिने ते होतं, आणि त्याने ते धूर, धूळ, साकीनाक्याचे कारखाने यांच्या नावावर टाकलं होतं. त्याने डावा डोळा झाकला, मग उजवा. मग तांब्या खाली ठेवून तो नुसता बसून राहिला. सुगंधाने पाठीवर हात ठेवला तेव्हा तो म्हणाला, "काय नाय गो."

दुपारी तो म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टरने दिवा मारून बघितलं आणि सांगितलं, "दोन्हीकडे मोतीबिंदू. पण अजून कच्चा आहे. पिकला की या, काढू."

"किती दिवसांनी पिकेल?"

"वर्ष, दीड वर्ष. सांगता येत नाही."

देवगडच्या माणसाला पिकायची वाट बघणं काही नवीन नव्हतं. पण आंबा पिकेपर्यंत कुणाची नोकरी अडत नाही.

दवाखान्यातून तो घरी गेला नाही, शेडमध्ये गेला. साहेब बाहेर गेले होते. युस्टेस कठड्यावर बसून विडी ओढत होता. काशीरामने दोरी घेतली आणि थाळी हौदात सोडली. एक गाठ, दोन, तीन. चौथ्या गाठीला थाळी गेली.

"युस्टेस, इकडे ये. थाळी दिसते का बघ."

युस्टेस वाकला. "दिसते की."

काशीरामने पाचवी गाठ सोडली. "आता?"

"हां."

सहावी सोडली. युस्टेसने मान जरा तिरकी केली. "दिसते, पण कमी. आता... आता गेली." मग त्याने काशीरामकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, आणि विडी विझवली. फिटर असला तरी त्याला हिशेब कळत होता. "अरे देवा. काशी, म्हणून माती पुरायला लागली काय रे? पूर्वी गोणी दीड महिन्यात खलास. आता अडीच महिने जाते."

काशीराम दोरी वर ओढू लागला. यंत्र सुधारलं नव्हतं. त्याचे डोळे गेले होते. त्याच्या डोळ्यांना पाणी लवकर गढूळ दिसे, तो लवकर थांबे, पाणी स्वच्छ राही, आणि यंत्राला लांबचं दिसे. जितका तो आंधळा होत गेला, तितकी यंत्राची नजर वाढत गेली. चार महिन्यांचे पेढे, पत्रं, ओरडणं, सगळं त्याच्या बुबुळावरच्या सायीवर उभं होतं.

"हे बघ," युस्टेस खालच्या आवाजात म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मंगळवार जाऊ दे. चिठ्ठी हातात पडली की मग काय ते बोल. आत्ता बोललास तर तुझी वाट लागेल, आणि साहेबाची तर पुरीच."

"आणि बोट आपटली तर?"

"कुठली बोट?"

"कुठलीही. तेरा फूट दिसतं म्हणून पुढे गेली आणि खरं तर आठच दिसत असलं तर?"

युस्टेस वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त तीन मुली होत्या. "मला यात ओढू नको यार," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करू लागला.

शनिवारी काशीराम साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला. चार वर्षांत त्या टेबलापुढे तो असा कधी उभा राहिला नव्हता. त्याने सगळं सांगितलं: तांब्या, डॉक्टर, थाळी, चौथी गाठ आणि सहावी गाठ. आपण आपल्याच हाताने स्वतःचा पाट उचलतोय हे त्याला स्वच्छ कळत होतं. तेवढंच एक त्याला हल्ली स्वच्छ दिसत होतं.

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. त्यांना धक्का बसल्यासारखं काही दिसलं नाही. काशीरामला वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नसेल.

"काशीराम, शाडूची गोणी कोण मागवतं?"

"तुम्ही."

"मग मला कळलं नसेल?"

शेडच्या बाहेर रिक्षा, टेम्पो, ट्रक एकमेकांना हॉर्न देत होते. आत पंखा फिरत होता. काशीरामला ते वाक्य समजायला वेळ लागला.

"कधीपासून, साहेब?"

"जुलैपासून शंका होती. ऑगस्टमध्ये खात्री झाली." साहेब टेबलावरच्या कागदांकडे बघत बोलत होते. "तुम्हाला वाटतं मी फसवतोय. यंत्र होणार आहे, काशीराम. मला ठाऊक आहे कुठे अडतंय. पण त्याला अजून एक वर्ष हवं. आणि ते वर्ष मिळायला मंगळवार हवा. नाहीतर हे शेड बंद. मी, तुम्ही, युस्टेस, सगळे घरी."

"मग मंगळवारी मी काय करू?"

"नेहमीचंच. तुमच्या डोळ्याला चौथ्या गाठीला थाळी जाईल इतकी माती टाका. तुम्ही खोटं काही करत नाही. मीही करत नाही."

काशीराम बाहेर आला आणि विहिरीच्या काठावर बसला. चीड यायला हवी होती, ती हळूहळू आली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं लोक म्हणतात. पण कुत्र्याला निदान दळणारा आंधळा आहे हे माहीत असतं, दळणाऱ्यालाच नसतं. दोन महिने साहेब रोज त्याला विचारत होते, "काय काशीराम, झालं का पाणी?" आणि तो रोज मान ताठ करून सांगत होता, "झालं साहेब, पक्कं बंदराचं." त्या आठवणीने त्याचे कान तापले. गिरणीने त्याला काढलं, पण त्याच्या डोळ्याला कधी हसली नव्हती.

घरी त्याने सुगंधाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भाकरी थापता थापता. शेवटी म्हणाली, "तुमका काय करूचा ता तुमीच ठरवा. माका फक्त पुन्हा त्या स्टुलावर तुमका बघूचा नाय." आणि थोड्या वेळाने, तव्याकडे बघतच, "पण बाळाभावजी गेल्यावर तुमची आई कायम सांगायची, कोणीतरी थय खाडीत एक काठी जरी रोवून ठेवलेली आसती तर."

नौदलाचे साहेब येणार म्हणून त्या आठवड्यात हौद मंगळवारी सकाळी भरायचा होता. काशीराम सातला शेडमध्ये हजर होता. बायका हंडे भरून गेल्या. त्याने शाडू कालवली. डालड्याचा डबा हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून, मोठ्याने मोजायला लागला. एक. दोन. तीन. प्रत्येक डब्यानंतर तो वल्ह्याने हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढवळत गेला. सातव्या डब्याला त्याच्या डोळ्यांना पाणी पूर्ण झालं. हौदात आता त्याला काहीच कळत नव्हतं, वरून खाली नुसतं पांढरं. इथे थांबायचं होतं. इथे थांबलं असतं तर चिठ्ठी होती, दिवाळी होती, आणि दीड वर्षाने डोळे पिकल्यावर कदाचित खरंच यंत्रही असतं. तो वल्ह्यावर रेलून थोडा वेळ उभा राहिला. खांदे दुखत होते. मग त्याने आठवा डबा भरला. नऊ. दहा. अकराव्याला त्याने डबा काठोकाठ भरलेला आहे ना, हे बोटाने चाचपून बघितलं.

अधिकारी अकराला आले. तिघे होते, पुढचा पिकल्या केसांचा. चंद्रप्रकाश साहेब त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होते. काशीराम भिंतीशी उभा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण मध्येच साहेबांनी त्याच्याकडे हात केला आणि त्याला तीन शब्द कळले: काशीराम, ब्रदर, बोट. साहेब बाळाची गोष्ट सांगत होते. ती ते आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. आजवर काशीरामला त्यात बरं वाटायचं, भावाचं नाव निदान कुठेतरी निघतं म्हणून. आज त्याने मान खाली घातली.

सगळे अंधाऱ्या खोलीत गेले. युस्टेसने टायर आठ फुटांवर टांगला. आतून "येस" असा आवाज आला. टायर दहा फुटांवर सरकला. आतून काही आवाज आला नाही. युस्टेसने काशीरामकडे बघितलं, मग टायर अजून मागे नेला. बारा. तेरा. आत साहेबांच्या बोटांचा, बटणं फिरवण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ.

बाहेर आल्यावर पिकल्या केसांचा अधिकारी हौदाच्या कडेला उभा राहिला. साहेब घाईघाईने काहीतरी सांगत होते. अधिकाऱ्याने हात वर करून त्यांना थांबवलं आणि विचारलं, "ये पानी किसने बनाया?"

"मी," काशीराम पुढे झाला. "अकरा डबे. मोजके डाला, साब."

अधिकाऱ्याने दोरी घेतली आणि स्वतः थाळी पाण्यात सोडली. त्याची नजर चांगली होती. चौथ्या गाठीला तो थांबला. थोडा वेळ तो त्या पाण्याकडे बघत राहिला, नीट ओळखीचं काही बघावं तसा. मग त्याने दोरी वर घेतली, काशीरामच्या हातात दिली आणि "ठीक है" म्हणाला. ते कशाला ठीक होतं, कुणाला कळलं नाही. कळवतो असं साहेबांना सांगून तिघेही निघून गेले.

चंद्रप्रकाश साहेब कठड्यावर बसले. त्यांचे पाय हौदाकडे लोंबत होते. आवाज चढवण्याइतकंही त्यांच्यात काही उरलं नव्हतं, आणि काशीरामला त्यांची दया आली. हा माणूस चार वर्षं पाण्याशी भांडत होता, हेही खोटं नव्हतं.

"मोजून टाकलेत?"

"होय साहेब."

"तुम्ही कधी मोजत नाही."

"मोजणं हे ज्याला दिसत नाही त्याचं काम, साहेब."

साहेबांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "आता तुम्हाला ठेवून मी काय करू, काशीराम?" ते रागाने म्हणाले नाहीत. काशीरामने थाळी दोरीपासून सोडली, नळाखाली धुतली, दोरी गुंडाळून खिळ्याला लावली. वल्हं भिंतीला टेकवलं. युस्टेस जवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून परत गेला.

भर दुपारी काशीराम टेकडी चढला. दोनदा बसावं लागलं. दारात सुगंधा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली.

"लवकर इल्यात?"

"काम संपला."

सूप बाजूला ठेवून ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. काशीरामने तांब्या दोन्ही हातांत धरला आणि सवयीने आत बघितलं. सगळं पांढरं होतं.

"सुगंधा, पाणी कसा आसा?"

सुगंधाने वाकून तळाचा ठिपका बघितला.

"निवळ आसा," ती म्हणाली. "पिया."

त्याने तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पिऊन टाकलं.